दहा वेळा उठायचं, हात न लावता

मी एक जुनी, बिनहातांची लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, सुताराने मला घडवलं तेव्हा चांगले दोन हात होते बरं का! पुढे पायांच्या व्यायामाच्या दवाखान्यात आले आणि डॉक्टरबाईंनी आल्या आल्या ते कापायला लावले. मला असा राग आला म्हणून सांगू!

नंतर कळलं, इथे पायांची परीक्षा असते. हातांची घडी छातीशी घ्यायची आणि अर्ध्या मिनिटात जमेल तितक्या वेळा माझ्यावरून उठायचं, बसायचं. कुणाच्या पायांत जोर नाही, कोण चालताना पडेल, याचा अंदाज त्यावरून येतो. "माझी खुर्ची खोटं बोलत नाही," असं बाई कौतुकाने सांगायच्या. मग नवी यंत्रं आली. मी कोपऱ्यात गेले आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

एका सकाळी कंडक्टर आजी आल्या. तीस वर्षं बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडलेली बाई! न्हाणीघरात पडल्यापासून त्या आपल्या मुलीकडे राहत होत्या. आज दहा वेळा उठल्या, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी एकट्या राहायला मोकळ्या. घरी उठायचं ते साध्या खुर्चीवरूनच, म्हणून बाईंनी टॉवेल काढून मला पुढे ओढलं.

"आजी, लाकूड टोचेल हो," म्हणत दवाखान्यातल्या मावशींनी माझ्यावर जाड गादी टाकली. माझ्या काळजात धस्स झालं. बैठक उंच झाली की उठणं सोपं होतं! आजींच्या घोळदार कपड्यांत गादी झाकली गेली. बाईंचं लक्ष घड्याळात.

"अकरा! शाब्बास, आजी!"

सोबत आलेल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजींनी काठी तिच्या हातात कोंबली. "घे तुझी काठी. आजच सामान हलवायचं."

अहो, थांबा! मी आतल्या आत ओरडत होते. पण मला तोंड कुठलं? तो जिना, त्या पायऱ्या, आणि घरात दुसरं कुणी नाही. आजी दारापर्यंत पोचल्या.

तेवढ्यात वही लिहायला बाई माझ्यावर टेकल्या आणि ताडकन उठल्या. "मावशी, ही गादी? आजी, थांबा! पुन्हा करावं लागेल."

"का म्हणून? झाले ना अकरा!"

"चूक माझी आहे. मी आधी बघायला हवं होतं."

गादी निघाली. आजी तणतणत बसल्या. पाचपर्यंत ठीक चाललं. सहाला गुडघे थरथरले. सात. आठव्याला त्या अर्ध्यात अडकल्या आणि तिरक्या कोसळल्या. बाईंनी दंडाला धरलं म्हणून बरं, नाहीतर कपाळ फरशीवरच आपटलं असतं.

आजींनी मला फाडकन चापट मारली. "मेली खुर्चीच वाईट!" मला फार लागलं. मग त्या रडल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "किती दिवस लागतील, ते सांग."

तेव्हापासून त्या रोज येतात. काल नऊ झाले. दहाव्याला त्या पुन्हा अडकल्या तेव्हा मावशींचा हात आपसूक पुढे आला, आणि त्यांनी तो मोठ्या कष्टाने मागे घेतला.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर माया करा. पण ती मावशींच्या कालच्या हातासारखी असू द्या. उठायचं काम त्यांचं त्यांना करू द्यावं, पण हात जवळ असावा, आणि पडण्याआधी धरायला तयार असावा.