बाळकुमच्या बाँडातला खुंट

सीतारामशेठला विलायती कुंपण कशाला हवं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कल्याणचा भुसार व्यापारी माणूस. टिटवाळ्याच्या पुढे जमीन घेतली, फार्महाऊसचे प्लॉट पाडले, आणि कुठल्याशा परदेशी मासिकात चित्र बघून हट्ट धरला की कुंपण लागेल तर असंच. आपल्याकडे लोक निवडुंग लावतात, फार तर काटेरी तार ओढतात. पण साल ब्याण्णव, आयात नुकती मोकळी झालेली, आणि शेठच्या खिशात पैसा खुळखुळत होता. कंटेनरभर लाकडी कुंपण बोटीने आलं आणि ते सोडवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी तेव्हा डोंबिवलीत राहायचो आणि माजिवड्याला एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरी करायचो. लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून आणायचा, हा आमचा धंदा. या धंद्यात माणूस शांत स्वभावाचा राहत नाही. मी तर मुळातच नव्हतो.

माल म्हणजे छातीइतक्या उंचीचे खुंट, एका टोकाला अणकुचीदार, तारेने एकमेकांना बांधलेले आणि चटईसारखे गुंडाळलेले. आता कस्टम्सच्या पुस्तकात लाकूड म्हणजे नुसतं लाकूड नसतं. करवतीने उभं चिरलेल्याचं हेडिंग वेगळं, फोडून टोक काढलेल्या खुंटांचं वेगळं, लाकडाच्या तयार वस्तूंचं आणखी वेगळं. जसं हेडिंग तशी ड्यूटी. मी खुंट म्हणून कागद टाकले. हेडिंग ठरवणारे अधिकारी म्हणजे अप्रेझर महिपत शिरसाट. त्यांनी भेंडोळ्यावरच्या तारेला पेन लावलं आणि म्हणाले, "हे खुंट नाहीत. हे कुंपण आहे. तयार वस्तू."

"साहेब, बोंबील दोरीवर वाळत घातले म्हणून त्यांचा हार होतो का?"

शिरसाट साहेब हसले नाहीत. ते कधीच हसायचे नाहीत. "नेमकं काय आहे ते ठरल्याशिवाय माल सुटणार नाही," एवढं बोलून त्यांनी फाईल मिटली. प्रकरण वर गेलं, वर जाऊन अडकलं, आणि माल बाळकुमला खाडीकाठच्या बाँडेड गोदामात, ड्यूटी भरेपर्यंत माल अडकवून ठेवतात त्या बाँडात, जाऊन पडला.

त्या गोदामाचा राखणदार नामा. बाळकुमचाच कोळी. दिवसा फाटकावर बसायचा आणि ओहोटी साधून खाडीच्या उथळात खुंट ठोकून जाळं लावायचा. आमची भेंडोळी उतरली तेव्हा त्याने एक खुंट हातात घेऊन नीट पारखला होता. "लाकूड बरा हाय भाऊ, पन याला घराची खूण नाय," म्हणाला. मग त्याने मला त्यांची पद्धत सांगितली. खाडीत दहा घरांचे खुंट उभे असतात, ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घर आपल्या खुंटावर खूण करतं. नामाच्या घराची खूण म्हणजे डोक्याखाली दोन आडव्या खाचा आणि त्यांच्यामध्ये तापल्या सळईचा डाग. मालाबद्दल त्याचा एकच गर्व होता. "माज्या फाटकातून आजपर्यंत एक खिळा कमी नाय झाला," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

नारळी पुनवेनंतर नामा नवे खुंट होडीत घालून खाडीतल्या बेटाकडे गेला. होडी दुसऱ्या दिवशी कोलशेतच्या बाजूला पालथी सापडली. नामा सापडला नाही, जाळं नाही, खुंटही नाहीत.

गोदामाच्या मालकाने त्याच्या बायकोला, शेवंतीला, फाटकावर बसवलं. "नामा येईपर्यंत," असं म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला असेल, पण त्या बाईची त्यात पुरती कोंडी झाली. कारण घरात सासूही तेच म्हणत होती. चंद्रभागा म्हातारी रोज मुलाचं ताट वाढून झाकून ठेवायची. माझा पोर पोहणारा आहे, कुठेतरी लागला असेल, येईल. कुणी दिवस घालायचं नाव काढलं तर ती अंगावर धावून जायची. शेवंतीचं कुंकू तसंच, हातातल्या बांगड्या तशाच, आणि शेजारच्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही याच्या विचारात.

एकदा मालाची पाहणी करायला गेलो होतो. शेवंतीने चहा आणून दिला आणि उभीच राहिली.

"भाऊ, तो येतो," ती म्हणाली. "भरती लागली की घराच्या मागं खुंट ठोकल्याचा आवाज येतो. ठोकतो, थांबतो, परत ठोकतो. त्याचा खुंट लागतच नाय कुठं. दमलाय वो तो. त्याला टेकाया जागा नाय."

मला भुताखेतांचा राग आहे. भीती नव्हे, राग. जिवंत माणसांनी कमी छळलेलं असतं का? "तिवरांच्या झाडीत काहीतरी आपटत असेल," मी म्हणालो.

ती भेंडोळ्यांकडे बघत म्हणाली, "हे कोणाचं म्हनायचं?"

"सध्या कुणाचंच नाही. शेठने सोडवलं नाही, सरकार नुसतं सांभाळतंय. अगं, ड्यूटी भरेपर्यंत हा माल देशात आलेलाच नाही असं धरतात."

"दर्यातून आला ना?"

"बोटीनेच आला."

तिने मान हलवली. मी चहा संपवून निघालो.

दिवाळीनंतर साहेबांचा निरोप आला, माल पुन्हा तपासायचा आहे. मी तपासणीच्या आदल्या आठवड्यात मोजणी करायला गेलो. दुपारची वेळ, रखरखीत ऊन, खाडीला भरती. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि आवाज ऐकला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. लाकडावर लाकूड मारल्याचा जड आवाज, भेंडोळ्यांच्या पलीकडून. मी ओरडलो, "कोण आहे रे?" आवाज थांबला. पलीकडे जाऊन पाहिलं तर माणूस नव्हता. मागच्या भिंतीपासून शेवटच्या भेंडोळ्यापर्यंत जमिनीवर ओला पट्टा होता, आणि त्याला खाडीच्या चिखलाचा वास होता. भिंत कोरडी होती. मी वाकून बोट लावलं, ते ओलंच वर आलं.

पण त्याहून वाईट पुढे होतं. त्या शेवटच्या भेंडोळ्याची तार टोकाला उलगडलेली होती. मी खुंट मोजले, परत मोजले. एक कमी.

मी शेवंतीला हाक मारली. तिने लपवालपवी केली नाही.

"मी घेतला," ती म्हणाली. "त्याचा सदरा गुंडाळला, नाव घेतलं आन खाडीवर नेऊन जाळला. देह नसला तर काईतरी देह करून जाळतात ना? त्याचे खुंट तर त्याच्याबरोबर गेले. मना वाटलं, दर्यानं एक नेला, दर्यानं एक दिला."

"आणि सासूला?"

"आयला सांगितलं असतं तर तिनं मनाच जाळलं असतं."

माझं डोकं फिरलं. बाँडातला माल चोरला म्हणजे काय होतं ते मी तिला चढ्या आवाजात ऐकवलं. पोलीस, मालकाचं लायसन, आमचं लायसन, तिची नोकरी. राखणदाराच्या बायकोनेच हात मारला, कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे? ती शांतपणे ऐकत होती.

"तुमीच बोलले व्हते, हा माल अजून आलाच नाय," ती म्हणाली. "मग मी चोरलं काय?"

मी मोजणीचा कागद खिशात घातला.

"पन तिथंच चुकलं माजं," ती पुढे म्हणाली. "जो आलाच नाय त्याला जाळून माजा माणूस जाईल कसा? पयले घराच्या मागं यायचा. आता हितं येतो. ऐकलं ना तुमी?"

मी ऐकलं होतं. तिच्यावर चिडलो होतो तो राग कुठल्या कुठे गेला आणि मला फार वाईट वाटलं. सात वर्षं गेल्याशिवाय कायदा तिच्या नवऱ्याला मेलेला धरणार नव्हता, सासू तर कधीच धरणार नव्हती. आमच्या मालासारखीच गत. समोर पडलेला, आणि कुठल्याच हेडिंगात नाही. फरक इतकाच की माल रडत नाही.

तपासणीच्या दिवशी मी साहेबांच्या आधी पोचलो. मनाशी ठरवलं होतं, खुंट वाटेतच गहाळ झाला असेल असं म्हणून मोकळं व्हायचं. शेवंती फाटकाशी उभी होती; साहेब आले तशी तीही मागोमाग शेडमध्ये आली. शिरसाट साहेबांनी भेंडोळी उलगडायला लावली आणि स्वतः मोजत पुढे सरकले. शेवटच्या भेंडोळ्याशी आम्ही आलो.

साहेबांनी मोजलं. "बरोबर आहे," म्हणाले.

मी पुढे होऊन पाहिलं. उलगडलेली तार पुन्हा पिळलेली होती, आणि तिच्यात शेवटी एक खुंट उभा होता. काळा, निथळणारा. खाली त्याच्याभोवती पाण्याचं थारोळं साचत होतं.

साहेब आधीच पुढे गेले होते, ते मागे फिरले. चष्मा काढून त्यांनी त्या खुंटावर बोट फिरवलं. "हा यातला नाही. बाकीचे फोडलेले आहेत, हा तासलेला आहे. आणि वर कालवांचे शिंपले चिकटलेत. कालवं बसायला महिने लागतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "परशुराम, हा इथे कसा?"

मी काही बोलायच्या आत शेवंती खाली बसली होती. खुंटाच्या डोक्याखाली दोन आडव्या खाचा होत्या.

त्याच वेळी चंद्रभागा म्हातारी सुनेचा डबा घेऊन फाटकातून आत आली. रोज त्याच वेळेला यायची. सून जमिनीवर बसलेली बघून ती भराभर चालत आली, आणि मग तिला तो खुंट दिसला. डबा तिने हळूच खाली ठेवला. पदराने चिखल पुसला. खाचांमध्ये सळईचा डाग होता, एका बाजूला घसरलेला.

"वाकडा पडला व्हता," म्हातारी म्हणाली. "तवा तो हसला मना. बोलला, आय, तुजा हात कापाया लागला. मी बोलले, तूच दे डाग. तर बोलला, नको, तुजाच असू दे." तिने अंगठा त्या डागावर ठेवला आणि उचललाच नाही. "हे नवे. त्या दिवशी होडीत घातलेले. माज्या हातानं उचलून दिलेले."

हा खुंट कुणी आणून ठेवला असं विचारायची माझी छाती झाली नाही, आणि आजही ते विचारावं असं मला वाटत नाही. एक खिळा कमी पडू देणार नाही म्हणणारा माणूस होता तो. बायकोने पाडलेली तूट त्याने भरून काढली, एवढंच मला कळतं.

शिरसाट साहेबांना यातलं किती समजलं, देव जाणे. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग स्वतःच्या हातांनी तार सोडवली, खुंट बाहेर काढला आणि म्हातारीसमोर आडवा ठेवला.

"हा माल बाहेरून आलेला नाही," ते म्हणाले, नेहमीच्याच कोरड्या आवाजात. "हा इथलाच आहे. याला ड्यूटी नाही. ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा."

"आणि तो एक कमी?" मी विचारलं.

"कमी आहे तो कमी लिहीन. त्याची ड्यूटी तुमची पार्टी भरेल." पुढे निकाल आमच्या विरुद्ध लागला आणि सगळा माल कुंपण म्हणूनच सुटला. सीतारामशेठ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या एका खुंटाबद्दल साहेबांनी कधी कुणाला प्रश्न केला नाही.

शेवंती सासूच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा मोठ्याने रडेल असं मला वाटलं, पण ती थांबली होती. म्हातारी काय म्हणते याची वाट बघत होती. येईल, असंच ती पुन्हा म्हणाली असती तर शेवंतीला कुठेच जाता आलं नसतं.

म्हातारीने खुंटाच्या डोक्याकडची बाजू मांडीवर घेतली. चिकटलेलं एक कालव नखाने सोडवायला लागली.

"शेवंते," ती म्हणाली, "घरी जा आन पाणी तापव."

"कशाला, आय?"

"आंघोळ घालायची त्याला. लय महिने खाऱ्या पाण्यात हाय माजा पोर."

शेवंती उठली, पण एकटी गेली नाही. तिने पायाकडचं टोक धरलं, म्हातारीने डोक्याकडचं, आणि त्या दोघी त्याला घेऊन निघाल्या. बाँडातून काहीही बाहेर न्यायचं तर फाटकावर पास दाखवावा लागतो. मी फाटक उघडून धरलं.