पाचवा कट्टा

ताराबाईनं चपला काढल्या, पदर खोचला आणि धान मोजायच्या काट्यावर चढली. काट्याच्या डब्यावर लाल आकडे थोडा वेळ नाचले आणि थांबले. शेहेचाळीस किलो तीनशे ग्रॅम. खाली उतरून तिनं आजूबाजूला पाहिलं. अंगणात कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं. मग पुन्हा एकदा चढून तिनं खात्री करून घेतली, कारण अशा कामात अंदाज चालत नाही.

हा काटा तिच्या मुलाचा, भूपेंद्रचा. करडीत आणि आसपासच्या चार गावांत धान खरेदीचा त्याचा धंदा होता, आणि जगातली कुठलीही गोष्ट तो कट्ट्यांत मोजायचा. कट्टा म्हणजे चाळीस किलो धानाचं पोतं. तीन महिन्यांपूर्वी त्यानं नागपुराहून एक जुनी इलेक्ट्रिक कार आणली तेव्हा गावानं भरपूर हसून घेतलं. हसणारे थकले तसा त्यानं बेत जाहीर केला: यंदा मोठ्या महादेवाला, म्हणजे पचमढीला, याच गाडीनं जायचं. शिवरात्रीच्या गर्दीआधी आठ दिवस.

बेत आखायचा म्हणजे भूपेंद्रला वही लागायची. काल जेवताना ती ताटाशेजारी उघडी होती.

"छिंदवाड्याले फुल चार्ज करू," तो म्हणाला. "तिथून पचमढी एकशेतीस किलोमीटर, आन् तामियाचा घाट मधात. वर पोचल्यावर पंधरा टक्के उरलेच पाहिजेत. त्याच्या खाली गेलं तर जाणं नाही. घाटात गाडी बंद पडली तर बैलजोडी कुठून आनाची?"

"पन इथं चढ कुठं आहे मोजाले?" टिकाराम, त्याचे वडील, घास थांबवून म्हणाले.

"गायमुखाकडं आहे न. तिथवर जाऊ, तोच चढ चारदा चढू, आन् परत येऊ. हिशेब बरोबर बसते. तुमी आन् मी गाडीत. बाकीच्याइच्या जागी कट्टे ठेवू." त्यानं पेन्सिल ओली केली. "रिता दीड कट्टा..."

"मी दीड कट्टा?" त्याची बायको रिता स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अंदाजानं म्हनतो. भैयाजी दोन. सामानाचा अर्धा. चार कट्टे झाले."

टिकारामनं मान डोलावली. भैयाजी त्यांचा जुना सोबती, वाटेतल्या प्रत्येक वळणाची गोष्ट सांगणारा. त्याच्याशिवाय महादेव कसला?

ताराबाई भात वाढत होती. तिनं मनात मोजलं. भूपेंद्र, टिकाराम, रिता, भैयाजी. चार. गाडीला जागा पाच. वहीत आपल्या नावाचा पाव कट्टाही नाही, हे तिला दिसलं. आणि ते लपवलेलंही नाही, विसरलेलंही नाही, तर कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही, हेही दिसलं. त्याचाच तिला जास्त राग आला.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्यातली सत्तावीस वर्षं टिकाराम गावच्या पोह्याबरोबर, म्हणजे महादेवाला निघणाऱ्या जथ्याबरोबर, पचमढीला गेले होते. सत्तावीस वेळा शिदोरीच्या पुऱ्या ताराबाईनं तळल्या. गावातल्या बायाही पोह्यात जायच्या, पण या घरातून कधी सासू आजारी म्हणून, कधी पोरगा लहान म्हणून, आणि गेली कित्येक वर्षं म्हैस आहे म्हणून ताराबाई मागं राहिली. चार वेळा तिनं विचारलंही होतं. चारही वेळा उत्तर एकच: "गायमुख आहे न तुले. तोही महादेवच." गायमुखाला लहान महादेव म्हणतात, तिथली जत्राही मोठी भरते, ताराबाईचं त्या देवाशी काही वैर नव्हतं. पण लहान महादेव एकीला आणि मोठा महादेव दुसऱ्याला, अशी वाटणी कुणी केली, हे तिला कधी कळलं नव्हतं.

विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की गप्प बसावं लागतं. म्हणून या खेपेला तिनं विचारायचं नाही असं ठरवलं होतं. या खेपेला ती जाणार होती.

काट्यावरून उतरून ती गोदामात गेली. एक रिकामं पोतं घेतलं आणि त्यात टोपल्यानं धान भरलं. काट्यावर ठेवून पाहिलं, दोन ओंजळी काढल्या, एक परत टाकली. तीनशे ग्रॅमसुद्धा तिनं सोडले नाहीत. मग दाभण घेऊन सुतळीनं तोंड शिवलं. टाके इतके जवळ जवळ घातले की हमालानं पाहिलं असतं तर विचारलं असतं, यात धान आहे का सोनं?

भूपेंद्रनं चार कट्टे सकाळीच गाडीत घालून घेतले होते. मागची सीट पाडून दोन-दोनची थप्पी केली होती आणि वरून ताडपत्री टाकली होती. बापलेक आत नाश्त्याला बसले तेव्हा ताराबाई आपलं पोतं ओढत गाडीपर्यंत घेऊन आली. ओढणं जमलं, उचलणं जमेना. तिनं एकदा गुडघा लावून पाहिला, दुसऱ्यांदा खांदा लावून पाहिला.

मागं पावलं वाजली. रिता होती. तिनं पोत्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं, टाक्यांकडं पाहिलं. ओढणी कमरेला गुंडाळली आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"एक, दोन..." रिता हळूच म्हणाली.

पोतं थप्पीशेजारी बसलं. ताराबाईनं ताडपत्री सारखी केली. दोघी आत गेल्या आणि रितानं नवऱ्याला आणखी दोन पोळ्या वाढल्या.

गाडी निघाली तेव्हा नऊ वाजले होते. शंभर टक्के चार्ज. टिकाराम पुढच्या सीटवर नवरदेवासारखे ताठ बसले होते.

दुपारपर्यंत ताराबाईनं करण्यासारखी सगळी कामं केली आणि न करण्यासारखीही काही केली. गोठा दोनदा झाडला. म्हशीला पाणी दाखवलं, आणि म्हशीला नको होतं तरी पुन्हा दाखवलं. गाडी लांबून येताना ऐकूही येत नाही, हा त्या गाडीचा मोठाच दोष आहे असं तिला आज वाटलं.

बाराच्या सुमारास रिता फोन घेऊन गोठ्यात आली. तोंड उतरलेलं.

"आई, त्यांचा फोन आहे. दोन वेळा चढून झाला, आन् सेहेचाळीसच टक्के राहिली. म्हनतात, हिशेबात सत्तावन पाहिजे होती. अजून दोनदा चढाचं आहे, आन् मंग घरी पन याचं आहे." तिनं फोनवर हात ठेवला आणि आवाज आणखी खाली आणला. "आई, असंच राहिलं तर ते जाणंच रद्द करतीन. पोतं काढून ठेवा म्हनून सांगू का?"

ताराबाईच्या हातात चाऱ्याची पेंढी होती. ती तिनं खाली ठेवली.

पोतं काढायला सांगितलं, तर बेत वाचेल. चौघं जातील, आणि ती पुऱ्या तळेल. नाही सांगितलं, तर पाचही जणांचं जाणं बुडेल आणि नाव तिचं होईल. टिकारामचा एवढाल्या वर्षांचा नेम तिच्या हट्टापायी मोडला, असं भैयाजी प्रत्येक वळणाच्या गोष्टीला जोडून सांगेल. पण वजन शेहेचाळीस किलो तीनशेच होतं, त्यात तिनं एक दाणा जास्तीचा घातला नव्हता. तेवढ्यानं अकरा टक्के कसे जातील?

"नाही," ती म्हणाली. "आन तो फोन."

"हॅलो, माय? काय म्हन्तं? गाडी लय खाऊन राहिली. बाबा म्हनतात, वापस चला..."

"भूपेन, उतारावर काय करतं तू?"

"उतारावर? काही नाही. न्यूट्रल टाकतो. बाबाच म्हनले, न्यूट्रल टाक, वाचते."

मागून टिकारामचा आवाज आला, "मंग? टरॅक्टरवर आयुष्य गेलं माह्यं!"

ताराबाईनं डोळे मिटून घेतले. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणं या घराच्या रक्तातच होतं. गाडी आणून देणारा नागपूरचा पोरगा अंगणात उभा राहून समजावत होता, तेव्हा बापलेक वाकून टायर पाहत होते आणि शेजारपाजार हसत होता. शेवटपर्यंत ऐकत उभी होती ती एकटी ताराबाई, हातात चहाचा ट्रे घेऊन.

"न्यूट्रल टाकू नको," ती म्हणाली. "गाडी गिअरमंदीच राहू दे. फक्त पाय काढजो. उतारावर गाडीची बॅटरी सोताच भरते, त्या पोरानं सांगतलं होतं. न्यूट्रल टाकलं का भरनं बंद."

पलीकडं फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खडखड झाली.

"उतरताना भरते?" टिकारामचा आवाज. "उतरताना कोनती टाकी भरते बाप्पा?"

"करून पहा," ताराबाई म्हणाली आणि फोन रिताला दिला. मग तिनं पेंढी उचलली, सोडवली आणि म्हशीपुढं नीट पसरली.

गाडी अडीच वाजता अंगणात शिरली. भूपेंद्र खाली उतरला तो हसतच.

"एकोनीस! एकोनीस टक्के राहिली. जाताना चूक झाली तरीही. माय, तू नसती तर आपन गायमुखालेच राहतो होतो." तो बोनेटवर थाप मारत म्हणाला, "जमलं. जातो आपन."

"जातो," टिकाराम म्हणाले. ते मागच्या बाजूला गेले, दार वर केलं, ताडपत्री ओढली आणि तिथंच उभे राहिले.

"भूपेन, किती कट्टे टाकले होते?"

"चार."

"पाच आहेत."

भूपेंद्रनं येऊन मोजले. पुन्हा मोजले. रिता पायरीवर उभी होती, ती आत गेली नाही. टिकारामनं पाचव्या पोत्याची दोन टोकं धरली आणि ते जरासं उचललं. आयुष्यभर पोती उचललेला माणूस. डब्यावरचे आकडे वाचायची त्यांना गरज नव्हती.

"हा चाळीसचा नाही," ते म्हणाले. "पाच-सहा किलो वर आहे. कोनाचा हा?"

"माहा," ताराबाई म्हणाली.

ती गोठ्याच्या दारातून पुढं आली.

"मी आहो तो. शेहेचाळीस किलो तीनशे ग्राम. काट्यावर चढून भरला. मले घेऊन गाडी चारदा चढली आन् एकोनीस टक्के राहिली. आता वजन होते म्हनून कोनी सांगू नका."

भूपेंद्रनं बोटांवर पुन्हा हिशेब केला. हिशेबी माणूस होता तो, आणि हिशेबात खोट सापडत नव्हती. त्याचे कान मात्र लाल झाले. काल लिहिलेली ती यादी त्याला आठवली असावी.

टिकाराम पोत्याकडं पाहत होते.

"म्हस?" ते म्हणाले.

"शेजारच्या मंदाबाईले सांगतलं. धारा काढन, चारा टाकन. आठ दिवस झाले सांगून."

"घर?"

"कुलूप घेतलं नवं."

"आठ दिवस झाले," टिकाराम स्वतःशीच म्हणाले. "आन् मले नाही सांगतलं."

"चारदा विचारलं होतं तुमाले," ताराबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "आता नाही विचारत. आता जाऊन राहिली मी."

टिकारामनं उपरणं डोक्याला बांधलं, वाकून पाचवं पोतं पाठीवर घेतलं. गोदामाकडं चालले, असं ताराबाईला वाटलं. ती वाटेतून बाजूला झाली. पण ते गोदामाकडं वळलेच नाहीत. गाडीला वळसा घालून त्यांनी कोपरानं पुढचं दार उघडलं आणि पोतं पुढच्या सीटवर टेकवलं, हळूच, तोंडाचे टाके वर राहतील असं.

"बाबा, ते तर तुमची सीट," भूपेंद्र म्हणाला.

"मी मागं बसतो भैयाजीसंग," टिकाराम त्याच्याकडं न पाहता म्हणाले. "मागं बसली का तुह्या मायले ओकाऱ्या होतेत. लग्न करून आनलं तवा तुमसरपासून घरपर्यंत डोकं खिडकीबाहीर होतं तिचं. घाटात कसं होईन?"

ताराबाई बघतच राहिली. ही गोष्ट एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही काढली नव्हती.

तेवढ्यात गाडी टिंग टिंग करू लागली. भूपेंद्रनं ती बंद केलीच नव्हती. आवाज थांबेना.

"आता हे काहून बोंबलून राहिलं?" टिकाराम दचकून मागं सरले.

"बाबा," रिता पायरीवरून म्हणाली, "सीटवर मानूस बसला का पट्टा लावाले सांगते ते."

टिकारामनं एकदा पोत्याकडं पाहिलं, एकदा ताराबाईकडं. मग दाराजवळचा पट्टा ओढून पोत्यावरून आडवा घेतला आणि खटका सापडेपर्यंत तसेच वाकून राहिले.