गेलेल्यांसाठी ठेवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मी फार जळकी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. खुर्चीसाठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, हे तुम्ही ऐकलं असेल. पण एका माणसासाठी खुर्ची चाळीस वर्षं झुरते, हे काही तुम्हांला कुणी सांगितलं नसेल.

मी मॅपलच्या लाकडाची. आम्ही चोवीस बहिणी एकाच सुताराच्या हातच्या. अमेरिकेत नॉर्थ डाकोटा राज्यातल्या एल्म फोर्क गावात माजी सैनिकांचं सभागृह आहे, तिथं आम्ही एकाच गाडीतून आलो. पहिली तीन वर्षं माझी मजेत गेली. लोक माझ्यावर बसून पत्ते खेळले, भांडले, तळलेला मासा खाऊन त्यांनी माझ्या पाठीला बोटं पुसली. टपालवाला एर्ल तर दर शुक्रवारी जेवून माझ्यावरच घोरायचा. काय सुख होतं ते!

मग एक दिवस लोवेल हॅगन आला. व्हिएतनामच्या लढाईतून लंगडत परतलेला हा माणूस नुकताच सभागृहाचा प्रमुख झाला होता. त्यानं आम्हां सगळ्यांना उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्यावर थाप मारून म्हणाला, "हीच! ताठ आहे, डुगडुगत नाही." मी बहिणींकडे बघून काय मिरवले म्हणता! पण गुणांनीच माझा घात केला.

दाराजवळ एक छोटं गोल टेबल मांडलं होतं. पांढरा कपडा, एक गुलाब, मेणबत्ती, बशीत चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड, बाजूला पालथा घातलेला पेला. लढाईवरून जे परतलेच नाहीत, त्यांचं ते टेबल. मीठ त्यांच्या माणसांच्या आसवांचं, लिंबू त्यांच्या कडू नशिबाचं, आणि पेला पालथा, कारण ते आता प्यायला येणार नाहीत. आणि मी त्यांची खुर्ची. माझ्यावर कधीच कुणी बसायचं नाही, असा तिथला नियम.

लोक माझ्यासमोर टोपी काढायचे. स्वयंपाकघर सांभाळणारी अर्लीन दर शुक्रवारी लिंबाची ताजी फोड ठेवायची आणि मला मऊ फडक्यानं पुसायची. मान मोठा होता हो! पण मानानं पोट भरतं का? तिकडे माझ्या तेवीस बहिणी हसणाऱ्या माणसांखाली करकरायच्या. एखादीचा पाय निखळला तर हातोडी घेऊन चौघं धावायचे. मी मात्र देव्हाऱ्यातल्या नारळासारखी नुसती ठेवलेली. मी जळत होते, मित्रांनो. त्यांच्या ओरखड्यांवरसुद्धा जळत होते.

अशी चाळीस वर्षं गेली आणि एका उन्हाळ्यात टेरिन यायला लागली. तिशीतली बाई, आखूड केस, पायांत जाड बूट. दर शुक्रवारी दुपारी ती थेट माझ्यापाशी यायची, उभी राहायची आणि त्या पालथ्या पेल्याशी हळूच बोलायची.

"प्रूइट, आज खूप गरम होतंय रे. तू असतास तर शिव्या घातल्या असत्यास."

हळूहळू मला सगळं कळलं. टेरिन सैन्यात जखमींवर उपचार करायची. अफगाणिस्तानात प्रूइट नावाचा तिचा सोबती तिच्या हातांतच गेला होता. एका शुक्रवारी ती म्हणाली, "सैनिकांच्या दवाखान्यात फोन केला होता. चार महिन्यांनंतरची तारीख दिली. तोवर झोपायचं कसं, ते नाही सांगितलं." आणि नंतर अगदी खालच्या आवाजात, "तुझ्याऐवजी मी जायला हवं होतं."

बाई कड्याच्या टोकावर उभी आहे, हे माझ्यासारख्या लाकडालाही कळत होतं. पण माझ्या मनात काय यावं? मी प्रूइटवर जळत होते! मी इथं ताठ, रिकामी, अगदी समोर, आणि ही बया बोलते पेल्याशी!

हे सगळं लोवेल लांबून बघायचा. आता तो चांगलाच म्हातारा झाला होता. त्यानं आपल्या मनानं अर्थ लावला.

"अर्लीन, त्या पोरीला माशाचा मोठा तुकडा वाढ गं. नवरा गेलाय बिचारीचा."

अर्लीननं टेरिनला हाताला धरून खिडकीजवळ, सैनिकांच्या बायकांच्या टेबलावर नेलं. लोवेल मुद्दाम तिथं आला आणि मायेनं विचारू लागला, "तुझे यजमान कुठल्या तुकडीत होते, बाळ?"

"यजमान नाहीत, काका. सैन्यात मी होते."

"अगदी खरं बोललीस," लोवेल मान हलवत म्हणाला. "घरी वाट बघत बसणाऱ्या बायकाही सैनिकच. आमच्या हिला विचार!" आणि तिच्या खांद्यावर थोपटून तो निघून गेला. माणूस वाईट नव्हता हो. पण चांगुलपणानंच त्यानं तिचं तोंड बंद केलं. टेरिननं मासा तसाच टाकला. तिनं पुन्हा कुणाला काही सांगितलं नाही.

मग अकरा नोव्हेंबर आला. त्या दिवशी आमच्याकडे माजी सैनिकांचा दिवस आणि दुपारचं मोठं जेवण असतं. जेवणाआधी लोवेल एकेका दलाचं नाव पुकारतो, आणि त्या दलातले लोक उभे राहतात. बाकीचे टाळ्या वाजवतात.

"भूदल, उभे राहा!" लोवेल गरजला.

तीस-पस्तीस पुरुष गुडघे धरत उठले. खिडकीजवळच्या टेबलावरून टेरिनही उठली. तेवढ्यात शेजारच्या आजीबाईंनी तिची बाही ओढली.

"अगं, खाली बस! आत्ता त्यांची पाळी आहे. आपल्या बायकांचं नाव शेवटी घेतात."

दोघी-तिघी हसल्या. टेरिन बसली नाही. ती तिथून निघाली, टाळ्या चालू असतानाच सगळं सभागृह ओलांडून आली, आणि काय सांगू तुम्हांला, माझ्यावर बसली!

टाळ्या थांबल्या. मला मात्र आनंदानं वेड लागायचं बाकी होतं. माणूस! जिवंत, ऊबदार, जड माणूस! बघा गं बयांनो, म्हटलं, बघा माझ्याकडे!

"ए बाई, ऊठ तिथून!" लोवेल ओरडला. "ती गेलेल्यांची जागा आहे!"

"माहीत आहे," टेरिन म्हणाली. "जिवंतांत मला जागा कुठं आहे? प्रूइटला मी खांद्यावर उचलून आणलं होतं. तो गेला, मी आले. त्याला गुलाब मिळतो. त्याच्यासाठी दर शुक्रवारी लिंबू बदलतं. मला चार महिन्यांनंतरची तारीख मिळते, आणि नवरा कुठं होता, असं विचारतात. मला हेवा वाटतो त्याचा. खरंच वाटतो."

हेवा! अहो, तो तर माझा धंदा. पण तिच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि माझा सगळा आनंद ओसरला. तिनं माझे दोन्ही हात असे घट्ट धरले होते, की पुन्हा उठायचंच नाही. ती दमून बसली नव्हती. ती गेलेल्यांत सामील व्हायला बसली होती. ऊठ गं बाई, मी मनात आक्रोश केला. चाळीस वर्षं मी कुणाची तरी वाट पाहिली, पण तुझी नाही. ऊठ!

लोवेल काठी टेकत जवळ आला. त्याचा चेहरा पडला होता. त्यानं टोपी काढली, पण या वेळी माझ्यासाठी नाही.

"कुठल्या तुकडीत होतीस?"

"वैद्यकीय. कंदहारकडे. दोनदा गेले होते."

"मी विचारलं नाही तुला," तो म्हणाला. "तू सांगितलंस तेही ऐकलं नाही. चुकलंच माझं."

टेरिन तरी उठली नाही. लोवेलनं पाठ वळवली, लंगडत पुन्हा आपल्या जागी गेला आणि त्यानं सगळ्यांना खाली बसायला लावलं. मग घसा खाकरून तो परत ओरडला, "भूदल, उभे राहा!"

सगळे पुरुष पुन्हा उठले. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. ते वळून तिच्याकडे बघत राहिले, थांबून राहिले. म्हातारा टपालवाला एर्ल तर टेबलाला धरून उभा होता, तरी तो खाली बसेना. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर टेरिननं माझ्या हातांवर भार दिला आणि ती उभी राहिली.

आता टेरिन लोवेलच्या टेबलावर जेवते. दवाखान्याची लवकरची तारीख मिळावी म्हणून त्यानं तीन दिवस फोनवर भांडण केलं, आणि तिला घेऊन स्वतः गेला. ती अजून नीट झोपत नाही, पण शुक्रवार चुकवत नाही. माझ्या एका बहिणीवर बसते, आणि मी तिच्यावर जळते. जळू द्या मला, सवयच आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुणीतरी लढाईवरून परतलेलं असेल. कदाचित ती बाई असेल. गेलेल्यांसाठी खुर्ची ठेवता, जरूर ठेवा. पण जो परतला आहे, त्याच्यासाठी आपल्या शेजारची खुर्ची सरकवा. तू कुठं होतास, असं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. नाहीतर तो माझ्याकडे येईल. आणि मला आता कुणीही नको आहे.