अबू नायेफची मागणी

"दारू प्यालाय म्हातारा! आमच्याच घरात बसून आमची अब्रू काढतो!"

आम्ही स्ट्रेचर घेऊन आत शिरलो तर कानावर हे. दिवाणखान्यात पन्नासेक पुरुष एकमेकांच्या अंगावर धावलेले आणि मधोमध गालिच्यावर पेशंट आडवा. त्याच्याकडे बघायला कुणाला सवडच नाही. माझं डोकं फिरलं.

"भांडायचंय त्यांनी अंगणात जा! मला जागा हवीय!" मी ओरडले. जॉर्डनमधल्या करक शहराच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर इतकी वर्षं काढल्यावर एवढा आवाज येतोच.

पेशंट म्हणजे हाजी अबू नायेफ. पुतण्या शाहेरसाठी मुलगी मागायला सगळं गोत घेऊन आलेले. खांदा हलवून मी हाका मारल्या. काका, डोळे उघडा! छे. जोरात चिमटा काढला तेव्हा कण्हले आणि माझा हात झटकला. चला, एवढं तरी आहे. घसा मोकळा, श्वास नीट, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या, हातपायही दोन्हीकडचे हलत होते. अंग मात्र घामाने निथळत होतं. मी त्यांना कुशीवर वळवलं.

तेवढ्यात एक मामा खजूर घेऊन त्यांच्या तोंडाशी आले.

"मामा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही! घशात अडकलं तर जीव जाईल!"

मामांनी खजूर निमूटपणे स्वतःच्याच तोंडात टाकला.

माझा ड्रायव्हर फव्वाझ कानाशी पुटपुटला, "रेहाब, वास तर येतोय गं."

येतच होता. पण कुठून? मी तोंड हुंगलं, काही नाही. कॉलर हुंगली, नाकात झिणझिण्या आल्या. "यांच्यावर हे स्पिरिटवालं कोलोन-अत्तर कुणी ओतलं?"

"मी," मघाशी दारूदारू करणारा मुलीचा भाऊ म्हणाला. "शुद्धीवर यावेत म्हणून. अख्खी बाटली."

"वा रे शहाण्या! बाटली तू ओतायची आणि दारुडे हे!"

मी बोट टोचून रक्त तपासलं. साखर फक्त अठ्ठावीस, सत्तरच्या खालीही जायला नको ती. अरे देवा!

"इन्सुलिन घेतात का?"

"गाडीतच टोचलं," शाहेर म्हणाला. "म्हणाले, पोचताच होकार मिळेल आणि लगेच मनसफची, मटण-भाताची ताटं येतील."

पण मुलीचे वडील अबू हज्जा यांनी आपल्या पणजोबांपासून घराण्याची कहाणी सुरू केली. आणि होकार मिळेपर्यंत मागणी घालणारा समोरच्या कॉफीलाही हात लावत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तास उलटला. मग अबू नायेफ एकदम म्हणाले, "तुझी मुलगी राहू दे, बकरी दे!" आणि कोसळले.

घामाने शीर सापडेना. पहिली सुई फुकट गेली. दुसरी बसली. मी सावकाश ग्लुकोज सोडलं.

हाजींनी डोळे उघडले.

"काका, आज काय आहे?"

"शाहेरची मागणी. तू कोण गं? मुलीकडची का?"

सगळे हसले. अबू हज्जा सोडून. आपण काय बोललो ते कळल्यावर हाजींनी रुमालात तोंड लपवलं. "हे मी बोललो? मग शाहेरचं लग्न मीच मोडलं."

"काका, ते तुम्ही नाही बोललात," मी अबू हज्जांकडे बघून ठणकावलं. "साखर उतरली की माणूस काहीही बरळतो. उद्या तुमचं तोंडही असंच सुटेल. आता हॉस्पिटल. इन्सुलिन अंगात आहे, साखर पुन्हा घसरेल."

"मागणी पुरी केल्याशिवाय मी हलणार नाही," हाजी म्हणाले.

"काका, मेलात तर मागणी कोण घालणार?"

अबू हज्जा पुढे आले. मला वाटलं, आता घराबाहेर काढतात. त्यांनी स्ट्रेचरची एक बाजू उचलली. "मागणी गाडीतही घालता येते. चला."

दार लागलं, गाडी उतारावरून सुटली. हाजींनी उठून बसायची धडपड केली, मी दाबून धरलं. झोपूनच ते म्हणाले, "अबू हज्जा, आमच्या शाहेरला तुमची लेक द्या."

"दिली," अबू हज्जा म्हणाले, आणि त्यांचा हात धरून रडायला लागले.

तिथे बाई मी एकटीच. मग होकार मिळाला की बायका देतात ती मंगल किलकारी कोण देणार? एक हात सलाईनच्या बाटलीवर ठेवून मी जीभ हलवत अशी काही दिली की फव्वाझने सायरन बंद करून लग्नाच्या वरातीसारखा हॉर्न वाजवायला घेतला, आणि बाजारातल्या लोकांनी टाळ्या वाजवत आम्हाला वाट करून दिली.