'पण'च्या अलीकडे

न्यिरेंडा सरांनी एस्नातकडून महिनाभर एकच गोष्ट घोटवून घेतली होती. "विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा देखणं करून सांगायचं. त्याची मान डोलली की एक श्वास घ्यायचा. मग 'पण' म्हणायचं आणि पाडायचं."

या श्वासाच्या जोरावर ती जिल्ह्याच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आली होती. आता तसंच भाषण गावाच्या बैठकीत करायचं होतं. गावाने भाजलेल्या विटांतून शाळेजवळ मुलींचं वसतिगृह बांधायचं, की मफुमूंसाठी, म्हणजे गावप्रमुखांसाठी, न्यायसभेची इमारत, हे त्या दिवशी ठरणार होतं. शाळा अकरा किलोमीटरवर. पहाटे चारला निघायचं, डोक्याच्या वर गेलेल्या मक्यातून, एकटीने. वसतिगृह झालं नाही तर पावसाळ्यापासून शाळा बंद, असं आईने सांगून टाकलं होतं.

अडचण एका वाक्याची होती.

"सर, 'काही लोक म्हणतात' असं नाही चालणार."

"का? प्रतिवाद तिथूनच सुरू होतो."

"अहो, 'पोरी घरीच बऱ्या' म्हणणारे ते काही लोक म्हणजे मफुमूच! त्यांच्या तोंडावर त्यांचं म्हणणं पाडलं तर आईला गावात तोंड दाखवायला जागा उरेल का?"

सर देशाच्या उत्तरेकडचे, इथल्या रीती त्यांना अजून अर्ध्याच कळलेल्या. डोकं खाजवत ते म्हणाले, "मग 'आपण' म्हण. आपलंच म्हणणं म्हणून सांग."

दोघांनाही ही युक्ती फार आवडली. अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो, तो असा.

बैठकीत एस्नात गुडघे टेकून बोलली. "मफुमू, आपल्या पोरी आपल्या डोळ्यांसमोर असाव्यात. मडकं कधी उतू जाणार, ते चूल पेटवणारीलाच कळतं. परक्या पहारेकऱ्याच्या भरवशावर लेक ठेवून कोणत्या आईला झोप लागेल?"

बायका गलबलल्या. मफुमूंची मान डोलली. एस्नातने श्वास घेतला.

नेमकी तेव्हाच मफुमूंनी ओंजळ करून टाळी वाजवली. मफुमूंची टाळी म्हणजे विषय मिटला. त्यानंतर या गावात आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही. बघता बघता सगळा गाव टाळ्या वाजवू लागला.

"शिकलेली असूनही शहाणी निघाली हो पोर!" मफुमू हसले. "ऐकलंत ना, मास्तर? तुमचीच विद्यार्थिनी! विटा न्यायसभेला."

न्यिरेंडा सर अर्धवट उठले. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांचा शर्ट ओढला. "बसा मास्तर, टाळी झालीय." सर बसले, आणि बिचारे तेही टाळ्या वाजवू लागले.

एस्नात गुडघ्यांवर तशीच राहिली. पुढचं सगळं तिला तोंडपाठ होतं. गेल्या वर्षी शाळा सोडलेल्या चार मुलींची नावं. त्यांतली मर्विस मक्यातून परत आली ती कशी आली, आणि त्या दिवसापासून बोलत का नाही. अकरा किलोमीटरवर कोणत्या आईचे डोळे पुरतात, हा प्रश्न. सगळं जिभेवर होतं आणि एक अक्षर बाहेर काढता येत नव्हतं. एवढी असहाय ती स्पर्धेत कधीच झाली नव्हती. तिथे हरलं तरी बोलू देत.

गर्दी पांगल्यावर आईने तिला जवळ घेतलं. आईचे डोळे भरून आले होते.

"तुला शाळेतून काढायचं म्हणून रोज जीव तुटत होता गं माझा. वाटायचं, पोर जन्मभर मला दोष देईल. आज तूच चारचौघांत सांगितलंस, लेक आईजवळच हवी म्हणून. माझ्या छातीवरचा दगड उतरला बघ."

"आई, पण..."

"आता कसला पण, बाई?" आईने तिचे डोळे पुसले. "टाळी झाली ना."