बाकावरची फट तेवढी बुजवू नका

मी हानेकुरा स्टेशन. होय, मीच बोलतोय. कर्ण्यातली ती गोड आवाजाची बाई नव्हे, तिला गाडीच्या वेळेपलीकडे काही ठाऊक नाही. शाळेत मी गेलो नाही, पण पोरं माझ्याच बाकांवर बसून एकमेकांचा गृहपाठ उतरवायची, म्हणून थोडंफार येतं.

गावच्या सुतारांनी मला उभं केलं तेव्हा मी काय देखणा होतो! मग लोकांनी मोटारी घेतल्या, तिकीटबाबू गेला, फलाटाच्या छपराला बाकाच्या बरोबर वर फट पडली. आता मोजक्या गाड्या थांबतात, त्यांचं दारही आपण बटण दाबल्याशिवाय उघडत नाही.

माझ्या दारात तोकिएबाईंची गरम शेवयांची टपरी. आरातानी न्हावी तिथे रोज येणार. दुकानात गिऱ्हाइकाचे कान किटवतो, इथे मात्र वाडग्यात नाक खुपसून गप्प. दोघंही एकटी.

"काय हो, केसांबरोबर जीभही कापलीत वाटतं?" बाई चिडवायच्या.

"शेवया... छान झाल्यात."

"कालही छानच होत्या. नवीन काही सांगा."

यंदा मुलाने बाईंना कायमचं सेंदाई शहरात बोलावून घेतलं. टपरी बंद झाली. निघायच्या दिवशी न्हावी कडक इस्त्रीचे कपडे घालून आला. बाई बाकावर बसल्या होत्या. हा घसा खाकरतोय, खाकरतोय... आणि बोलला काय? "ऊन छान पडलंय."

आता मात्र मला राहवेना. छपरावरचं बर्फ वितळत होतंच. मी फट जरा सैल सोडली. टप्! थेट बाईंच्या मानेवर.

न्हावी धावला. लोक विसरून गेलेल्या छत्र्या माझ्या दाराशी पिंपात असतात. लागेल त्याने न्यावी, काम झालं की आणून ठेवावी. एक उचलून त्याने बाईंवर धरली, आणि स्वतः उभा राहिला गळतीखाली!

"अहो शहाणे, आत या. तुम्ही माझ्यापायी शिंकत बसलात तर मला तिकडे झोप यायची नाही."

तो कसाबसा आत सरकला. तेवढ्यात गाडी आली. आणि या सभ्य गाढवाने काय करावं? बाईंना त्रास नको म्हणून स्वतःच बटण दाबलं. दार सताड उघडं.

"एवढी घाई झाली मला घालवायची?"

"नाही हो! ते... सवयीने..." न्हावी लालबुंद. "जाऊ नका."

मी टपटप थांबवून ऐकत होतो.

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "आजी, चढताय ना?"

बाईंनी वर छत्रीकडे पाहिलं. "ही स्टेशनची आहे. नेऊ कशी? आधी जागेवर ठेवायला हवी. तुम्ही व्हा पुढे."

दार मिटलं. ड्रायव्हरने रेल्वेच्या शिस्तीप्रमाणे दाराकडे बोट दाखवून खणखणीत आवाज दिला, "दार बंद! सगळं ठीक!"

ठीकच होतं की!

बाईंनी मुलाला फोनवर काय सांगितलं ते मी सांगणार नाही, थोडी लाज मलाही आहे. टपरी पुन्हा लागली. न्हावी आता इतका बोलतो की शेवया गार होतात.

काल रेल्वेची माणसं शिडी घेऊन आली होती. छप्पर दुरुस्त करणार म्हणे. करा बाबांनो, म्हातारा झालोय मी. पण बाकावरची तेवढी फट राहू द्या. अजून बरीच मुखदुर्बळ माणसं माझ्याकडे येतात.

बाकी सगळ्या छत्र्या पिंपात परत आल्या. ती एक अजून आलेली नाही. मीही मागायला जाणार नाही.