वेशीवरचा चेपलेला कर्णा

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना कर्णा आहे. तोंडाशी निमुळता, पुढे रुंद आणि उजव्या बाजूला पार चेपलेला. माझ्यात स्वतःचा आवाज नाही. माझ्या तोंडाशी जे बोलाल ते मोठं करून दूरवर पोचवायचं, एवढंच काम देवाने मला नेमून दिलं.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवलं आणि एका गाईडने विकत घेतलं. जुन्या लढायांचा तो मुलूख. गाईड रोज बसभर पर्यटकांना पडका बुरूज, रणाचा माळ आणि शेवटी गावाची वेस दाखवायचा. "इथे मुंडक्यांचा खच पडला! या विहिरीचं पाणी सात दिवस लाल होतं!" मेलेल्यांचा आकडा तो दरवर्षी वाढवायचा. पहिल्या वर्षी तीनशे होते, दहाव्या वर्षी चार हजार झाले. लोक श्वास रोखून ऐकायचे. मीही फुशारून जायचो.

वेशीपाशी तो आवाज खाली आणायचा. "एवढा भक्कम दरवाजा, पण आतून एका फितुराने कडी काढली. इथलाच लोहार! त्याचं घराणं अजून त्या समोरच्या घरात राहतं!" आणि बोट दाखवायचा. पटापट फोटो निघायचे.

त्या घरात लोहार आणि त्याची बायको भट्टी चालवायचे. माझी निखळलेली मूठ लोहारानेच जोडून दिली होती. वहिनी तर गाईडला रोज पाणी द्यायच्या.

"दादा, लढाई हवी तेवढी रंगवा," लोहार एकदा म्हणाला. "तो एक शब्द तेवढा गाळा. बाजारात आता माझं तेच नाव पडलंय."

"अहो, त्या शब्दालाच तर टाळ्या पडतात!" गाईड हसला. "चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट, मनावर काय घेता?"

मग तो दिवस आला. ऐकता ऐकता एका पर्यटकाचं डोकं भडकलं. "हाणा फितुराला!" म्हणत त्याने धोंडा भिरकावला. पाठोपाठ दहा हात उठले. कौलं फुटली. एक दगड भात्याशी बसलेल्या वहिनींच्या डोळ्यावर बसला. बोटांमधून रक्ताची धार लागली.

लोहार घण घेऊन बाहेर आला. त्याने बसची काच फोडली, पहिला धोंडा मारणाऱ्याचा हात मोडला आणि तो गाईडकडे वळला. पर्यटक किंचाळत बसमध्ये घुसले. गाईडने मला डोक्यावर आडवं धरलं. घाव माझ्यावर बसला. मी चेपलो, गाईड मातीत कोसळला. घण पुन्हा वर गेला.

"अहो, थांबा!" वहिनी उंबऱ्यातून ओरडल्या. चेहरा रक्ताने माखलेला. "मारायचं तर मारा, पण आधी विचारा त्याला! कडी कोणी काढली, ते कुठे लिहिलंय?"

घण हवेतच राहिला. गाईडने मला तोंडाशी धरलं. सवयच ती!

"कुठेच नाही... मीच रचलं... घर वेशीला लागून होतं, म्हणून..."

माझ्या चेपलेल्या पत्र्यातून ते साऱ्या गावाने ऐकलं. लोहाराने घण टाकला आणि बायकोला उचलून तो दवाखान्याकडे धावला.

वहिनींचा डोळा गेला तो गेलाच. मी आता भट्टीजवळ खिळ्याला टांगलेला असतो. लोहाराने मनात आणलं तर मला घटकाभरात ठोकून सरळ करील. तो करत नाही. गाईड अजून माणसं आणतो, पण नुसत्या गळ्याने बोलतो. वेशीपाशी म्हणतो, "कडी कोणी काढली, कुणालाही ठाऊक नाही." टाळ्या पडत नाहीत. वहिनी त्याला अजूनही पाणी देतात. तो मान खाली घालून पितो.

मित्रांनो, मी बिचारा पत्रा, ओतलं तेवढं सांडलं. तुम्हाला तर देवाने जिवंत कंठ दिला आहे. त्यातून कुणाला एखादं नाव चिकटवण्याआधी, बाळांनो, एकदा इथे या आणि माझ्या या पोच्यावरून बोट फिरवून बघा.